एकचाकी सायकलचा क्रँक: खडबडीत वाटेवरचा आराम कुठून येतो

डोंगरात एकचाकी चालवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जांघेत सोलवटतं, गुडघे भरून येतात आणि घोट्याचं आतलं हाड कशावर तरी सतत घासत राहतं. मग बहुतेक जण सीट बदलतात. जास्त गादी, मऊ जेल, पॅड शिवलेली चड्डी. थोडा फरक पडतो, पण तक्रार परत येते, कारण दुखण्याचं मूळ सीटमध्ये कमी आणि क्रँकमध्ये जास्त असतं. चाकाच्या आसाला पेडलशी जोडणारे ते दोन हात किती लांब आहेत, बाहेर किती झुकले आहेत आणि त्यांत पेडलसाठी भोक कुठे पाडलं आहे, यावर तासाभरानंतर तुमच्या शरीराची काय अवस्था असेल ते ठरतं. या भागात स्वतः फेरफार करता येतात. काही फार उपयोगी आहेत, काही धोक्याचे. म्हणून आधी क्रँक काय काम करतो ते पाहू आणि मग ड्रिल हातात घेऊ.

साध्या सायकलला साखळी असते, गिअर असतात आणि पाय थांबवले तरी चाक फिरत राहील अशी फ्रीव्हीलची सोय असते. एकचाकीला सहसा यातलं काहीच नसतं. क्रँक थेट चाकाच्या आसावर बसतो. क्रँकचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. उतारावर चाक वेगाने फिरलं की पाय फिरणारच, आणि चाक थांबवायचं तर पायांनी उलटा दाब द्यायचा. तोलही पायांनीच धरायचा असतो: शरीर पुढे झुकलं की चाक पटकन पुढे ढकलून शरीराखाली आणायचं, मागे गेलं की चाकाचा वेग कमी करायचा. चढणं, उतरणं, थांबणं आणि न पडणं, ही सगळी कामं त्या दोन हातांतून होतात. सायकलला क्रँकची लांबी पाच-दहा मिलिमीटरने बदलली तर अनेकांना कळतही नाही. एकचाकीवर तेवढ्या फरकाने वाहनाचा स्वभाव बदलतो.

ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना हे चटकन समजेल. खुंटा मध्यापासून लांब असेल तर जातं हलकं जातं, पण हाताला मोठं वर्तुळ फिरावं लागतं. खुंटा आत असेल तर हात थोडा फिरतो आणि जोर जास्त लागतो. क्रँकची लांबी म्हणजे खुंट्याचं मध्यापासूनचं अंतर.

आता आकडे. डोंगरात २४, २६, २७.५ आणि २९ इंची चाकं चालतात, लांब पल्ल्याच्या कच्च्या रस्त्यांसाठी ३६ इंचीसुद्धा. २९ इंची चाकावर जाड टायर चढवला की त्याची त्रिज्या साधारण ३७० मिलिमीटर भरते. समजा स्वार आणि एकचाकी मिळून वजन ७५ किलो आहे आणि वाट २० टक्क्यांनी चढते आहे, म्हणजे १०० मीटरला २० मीटर. चाकाला मागे ओढणारा जोर सुमारे १५ किलोचा असतो. हा जोर टायरच्या काठावर, ३७० मिलिमीटरच्या हातावर काम करतो आणि तुमचा पाय क्रँकच्या टोकावर. १५० मिलिमीटरचा क्रँक असेल तर पेडलवर सरासरी १५ गुणिले ३७० भागिले १५०, म्हणजे ३७ किलोचा जोर लागतो. १२५ चा क्रँक असेल तर ४४ किलो. १०० चा असेल तर ५५ किलो.

ही झाली सरासरी. फेऱ्यात पाय सगळीकडे सारखा जोर लावू शकत नाही. क्रँक आडवे असतात तेव्हा जोर पूर्ण लागतो, उभे असतात तेव्हा जवळजवळ शून्य. त्यामुळे आडव्या स्थितीतला जोर सरासरीच्या दीडपटीहून थोडा जास्त असावा लागतो: १५० ला ५८ किलो, १२५ ला ७०, १०० ला ८७. स्वाराचं स्वतःचं वजन ६८ किलो धरा. १५० च्या क्रँकवर तो पेडलवर वजन टाकून चढून जाईल. १२५ वर पूर्ण वजन टाकूनही किंचित कमी पडतं. १०० वर ते पुरतच नाही. सीटच्या पुढची मूठ वर ओढून पाय आणखी खाली रेटावा लागतो. खड्या चढावर लहान क्रँकचा स्वार एका ठरावीक जागी अचानक का थांबतो आणि उतरतो, याचं उत्तर या गुणाकार-भागाकारात आहे. त्याची हिंमत संपलेली नसते, त्याचं वजन संपलेलं असतं.

मग सरळ लांब क्रँक लावावा की! डोंगरात एकचाकी चालवणाऱ्या पहिल्या पिढीने तेच केलं. अलास्कातल्या सीवर्ड गावचा जॉर्ज पेक १९८० च्या दशकात खडकाळ किनारे आणि पायवाटा एकचाकीवर पालथ्या घालत होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात क्रिस होल्मने हा खेळ पुढे नेला आणि त्यासाठी टिकाऊ एकचाकी आणि सुटे भाग बनवायला सुरुवात केली. त्या काळात लहान चाक, जाड टायर आणि १७० मिलिमीटरपर्यंतचा क्रँक असा बेत असे. त्याला कारण होतं. ब्रेक नव्हता किंवा असला तरी भरवशाचा नव्हता, आणि खडा उतार उतरताना चाक रोखायला पायाला लांब हात हवाच. चढावर जेवढा जोर पुढे लावावा लागतो, तेवढाच उतारावर मागे लावावा लागतो. वर काढलेले आकडे उतारालाही तसेच लागू आहेत.

पण लांब क्रँकची किंमत शरीर मोजतं, आणि ती हळूहळू मोजतं म्हणून लक्षात येत नाही. २९ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर जातं. दहा किलोमीटरला ४,३०० च्या आसपास फेरे. १५० च्या क्रँकवर प्रत्येक पाऊल एका फेऱ्यात ९४ सेंटिमीटर फिरतं, म्हणजे दहा किलोमीटरच्या वाटेत पायाने हवेत चार किलोमीटर कापलेले असतात. १२५ वर हेच अंतर सुमारे ३.४ किलोमीटर आणि १०० वर २.७. एकचाकीवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं आणि मांडी त्याच सीटला चिकटून वर-खाली होते. वर्तुळ मोठं तर मांडीची हालचाल मोठी, कंबर डावी-उजवी डुलते आणि घासण्याचं अंतर वाढतं. जांघेतल्या सोलवटण्याचा उगम इथे आहे. गादी कितीही मऊ लावा, त्यावर मांडी हजारो वेळा गरजेपेक्षा जास्त घासत असेल तर कातडी सोलणारच.

गुडघ्याचा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार कमी लोक मांडतात. क्रँक १५० वरून १२५ केला की खालचं पेडल २५ मिलिमीटर वर येतं. पाय पूर्वीइतकाच सरळ व्हावा म्हणून सीट २५ मिलिमीटर वर घ्यायची. आता वरचं पेडल पाहा. ते आधीपेक्षा २५ मिलिमीटर खाली आलं आहे आणि सीट २५ मिलिमीटर वर गेली आहे. म्हणजे पाय सगळ्यात दुमडलेला असतो त्या क्षणी गुडघ्याला तब्बल ५० मिलिमीटर जास्त जागा मिळाली. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर जोर टाकणं हेच गुडघेदुखीचं मोठं कारण असतं. एका इंचाच्या बदलाने दोन इंच सुटका होते. ज्यांचे पाय आखूड आहेत त्यांना हा फरक पहिल्याच चढाला जाणवतो. सीट वर घ्यायची मात्र आठवणीने. क्रँक लहान करून सीट होती तिथेच ठेवली तर यातला अर्धा फायदा वाया जातो, आणि मग लोक म्हणतात, लहान क्रँकने काही फरक पडला नाही.

आणखी एक फायदा जमिनीच्या बाजूने. २४ इंची चाकाला तीन इंची टायर असेल तर त्रिज्या साधारण ३३० मिलिमीटर. त्यावर १६५ चा क्रँक लावला तर खालचं पेडल जमिनीपासून जेमतेम १५० मिलिमीटर राहतं. वाटेवरचा दगड किंवा झाडाचं मूळ तेवढं उंच सहज असतं, आणि पेडल आपटलं की एकचाकी थांबते आणि स्वार पुढे जातो. क्रँक जितका लहान तितकं हे कमी.

तर पेच असा: चढ, उतार आणि तोल यांना लांब क्रँक हवा, जांघ, गुडघे आणि वेग यांना लहान. हा पेच सुटला तो ब्रेकमुळे. आधी रिमवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आले, नंतर डिस्क ब्रेक. सीटच्या पुढच्या मुठीखाली ब्रेकचा लिव्हर असतो आणि स्वार उतारावर एका बोटाने तो सतत हलका दाबून ठेवतो. चाक जाम करायचं नसतं; जाम केलं तर स्वार पुढे फेकला जातो. ब्रेकने फक्त उताराचा ओढा खाऊन टाकायचा आणि पायांना तोलापुरतं काम ठेवायचं. हे एकदा अंगवळणी पडलं की लांब क्रँकची निम्मी गरज संपते. म्हणून मी कुणालाही क्रँक लहान करण्याआधी ब्रेक बसवायला आणि तो वापरायला शिकायला सांगेन. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच खड्या उतारावर मांड्या पेटतील आणि तुम्ही परत लांब क्रँककडे वळाल.

उरलेली निम्मी गरज चढाची. त्यासाठीच दुसरं भोक.

एका क्रँकला दोन भोकं

कल्पना साधी आहे. क्रँकच्या टोकाला पेडलचं एक भोक असतंच. त्याच्या आत, म्हणजे आसाच्या बाजूला, आणखी एक भोक पाडून आटे काढायचे. उदाहरणार्थ बाहेरचं १५० वर आणि आतलं १२५ वर. चढ लांब असेल तेव्हा पेडल बाहेरच्या भोकात, वर पोचलात की आतल्या भोकात. १५ चा पाना किंवा ॲलन की आणि काही मिनिटं. सीटचा क्लॅम्प हाताने सुटणारा असेल तर उंचीही तिथल्या तिथे बदलते. क्रँक न बदलता लांबी बदलायची ही सोय इतकी उपयोगी ठरली, की आता दोन भोकांचे क्रँक कारखान्यातूनच तयार मिळतात. ते मिळत असतील आणि परवडत असतील तर तेच घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. पण एकचाकीचे भाग जगात मोजक्याच ठिकाणी मिळतात, मागवायचे तर वाहतूक आणि जकात धरून महाग पडतात, आणि घरी चांगला घन क्रँक आधीच असतो. तेव्हा फेरफाराचा विचार येतो.

कुणी विचारेल, भोक पाडण्यापेक्षा दोन लांबीचे क्रँक ठेवून तेच का बदलू नयेत? क्रँक आसावर कसा बसतो त्यात याचं उत्तर आहे. जुन्या आणि स्वस्त एकचाकींचा आस चौकोनी आणि निमुळता असतो. ॲल्युमिनियमचा क्रँक पोलादी आसावर दाबून बसवलेला असतो आणि प्रत्येक वेळी काढून घातला की मऊ ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक किंचित फाकतं. काही काळाने क्रँक सैल पडतो, आणि सैल क्रँकवर थोडं अंतर जरी चालवलं तरी ते भोक कायमचं गोलावतं. डोंगरात उड्या मारायला सुरुवात झाल्यावर चौकोनी आस टिकेनात, म्हणून दातेरी आस आले. अमेरिकेतल्या प्रोफाइल कंपनीच्या बीएमएक्स (उड्या आणि कसरतींच्या लहान सायकली) क्रँकची ४८ दात्यांची रचना एकचाकीत आली आणि पुढे दहा दात्यांचं आयसिस हे माप रूढ झालं. ही जोडणी कितीतरी मजबूत आहे, पण तिलाही वारंवार उघड-बंद करणं मानवत नाही, आणि क्रँक काढायला वेगळा पुलर लागतो. पेडलचे आटे मात्र उघड-बंद करण्यासाठीच असतात.

आता क्रँक निवडण्याबद्दल. पोकळ क्रँकला हात लावू नका. महागड्या सायकलींचे अनेक क्रँक वजन वाचवण्यासाठी आतून पोकळ असतात. त्यात भोक पाडलं तर आटे धरायला धातूच उरत नाही. घन, घडीव ॲल्युमिनियमचा क्रँक हवा. पेडलचं भोक सुमारे १४.३ मिलिमीटरचं असतं. त्याच्या दोन्ही कडांना निदान पाच-पाच मिलिमीटर धातू राहायचा तर नव्या भोकाच्या जागी क्रँक २५ मिलिमीटर रुंद पाहिजे. बहुतेक क्रँक टोकाला रुंद आणि मध्ये अरुंद असतात, त्यामुळे इथेच निम्मे उमेदवार बाद होतात. व्हर्निअरने मोजा, अंदाजावर जाऊ नका. जाडी निदान बारा मिलिमीटर हवी, नाहीतर पेडलचे आटे पुरेसे धरणार नाहीत. दोन भोकांच्या मध्यांत २५ मिलिमीटर अंतर ठेवलं तर मधे दहा-अकरा मिलिमीटर धातू उरतो. त्याहून कमी करू नये. १५० ला १३७ चं भोक जोडावं असा मोह होतो, पण १३ मिलिमीटरच्या अंतरात दोन भोकं एकमेकांत जातात.

सायकलचा क्रँक एकचाकीला लावावा का? उजव्या क्रँकला साखळीच्या चक्राचे हात असतात, ते कापून काढावे लागतात. दोन्ही बाजूंना डावा क्रँक लावावा म्हटलं तर उजवीकडे आटे उलटे पडतात. आणि मूळ अडचण वेगळीच आहे. सायकलच्या क्रँकवर जोर जवळजवळ नेहमी एकाच दिशेने येतो, पुढे. एकचाकीवर तो पुढे आणि मागे, दोन्हीकडे येतो, आणि उडी मारून आडव्या क्रँकवर उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. असा उलटसुलट भार धातूला लवकर थकवतो. सपाट मातीच्या वाटेला जुना सायकलचा क्रँक चालेलही, दगडांवर नको.

आटे: इथे घाई नको

पेडलचे आटे कोणते, हे नीट समजून घेतल्याशिवाय टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, हातात घेऊ नका. मोठ्यांच्या पेडलचं माप नऊ-सोळांश इंच आणि इंचाला २० आटे असं आहे. साध्या वर्कशॉपमध्ये नऊ-सोळांशचा टॅप मागितला तर बहुधा इंचाला १८ किंवा १२ आट्यांचा मिळतो, कारण इंजिनिअरिंगमधली नेहमीची मापं तीच आहेत. १८ च्या आट्यांत २० चं पेडल दोन-तीन फेरे जातंही आणि मग अडकतं. तिथे जोर लावला की पेडल आणि क्रँक दोन्ही गेले. टॅप सायकलच्या पेडलसाठीच बनवलेला, डाव्या-उजव्याची जोडी असलेला हवा.

जोडी का, तर डाव्या क्रँकला आटे उलटे असतात. पेडलच्या बेअरिंगच्या घर्षणाने पेडल सैल व्हावं असं वाटतं, आणि त्या हिशोबाने आटे नेमके चुकीच्या बाजूला वळलेले दिसतात. प्रत्यक्षात मोठा परिणाम दुसराच असतो. पायाचा भार पेडलच्या दांड्याभोवती फिरत राहतो, आणि किंचित ढिल्या आट्यांत दांडा भोकाच्या भिंतीवर घरंगळत उलट दिशेला फिरतो. बेअरिंगच्या ओढीपेक्षा हा घरंगळण्याचा जोर कितीतरी जास्त असतो आणि तो योग्य बाजूचं पेडल घट्ट करत नेतो. यातून एकचाकीवाल्यांसाठी एक खास गोष्ट निघते. एकचाकीला पुढचं-मागचं फक्त सीटवरून ठरतं. सीट किंवा चाक उलटं बसवलं गेलं तर डावा क्रँक उजवीकडे जातो आणि दोन्ही पेडलं चालता चालता सुटायला लागतात. वारंवार पेडल सैल होत असेल तर आधी हे तपासा.

भोक पाडताना सगळ्यात मोठी चूक ही होते की क्रँक ड्रिल मशीनच्या टेबलावर आडवा ठेवून भोक मारलं जातं. क्रँकचा हात आसापासून टोकाकडे जाताना बाहेर झुकलेला आणि निमुळता असतो. त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात मारलेलं भोक चाकाच्या आसाला समांतर राहत नाही. एक-दोन अंशांचा फरकसुद्धा प्रत्येक फेऱ्यात पाऊल वाकडं करतो आणि तो पीळ थेट गुडघ्यात जातो. गुडघ्यासाठी केलेला फेरफार गुडघ्यालाच नडतो. उपाय असा: जुन्या भोकात पेडलचा सरळ दांडा घट्ट बसवा, तो गुणियाने ड्रिलच्या पात्याला समांतर येईल असा क्रँक पाचरी लावून पकडा, आणि मगच पंच मारा. दोन्ही क्रँकची भोकं आसापासून अगदी एकाच अंतरावर हवीत, म्हणून खूण एकाच साच्याने करा. ज्या लेथवाल्याकडे हे काम द्याल त्याला समांतरपणाची गोष्ट तोंडाने सांगा आणि जुना दांडा लावूनच क्रँक त्याच्या हातात द्या.

आधी पाच मिलिमीटरचं भोक, मग आठ, मग अकरा आणि शेवटी तेरा. ॲल्युमिनियम पात्याला चिकटतं, म्हणून रॉकेल किंवा कटिंग ऑइल सोडत राहायचं. टॅप बाहेरच्या अंगाने, म्हणजे पेडल जिकडून आत जातं तिकडून घालायचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस तुटून पडतो. उजव्याला सुलटा टॅप, डाव्याला उलटा. मशीनपाशी जाण्याआधी दोन्ही क्रँकवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. भोकाभोवतीचा भाग सपाट नसेल तर पेडलच्या खांद्यापुरता, वीस-बावीस मिलिमीटरचा गोल सपाट करून घ्यावा लागतो. पेडलचा खांदा एका कडेवर टेकला तर सगळा भार आट्यांवर येतो. शेवटी भोकाच्या दोन्ही कडा हलक्या मारून गुळगुळीत करायच्या. हे दिसण्यासाठी नाही. धारदार कड आणि खोल ओरखडा ही तडा सुरू होण्याची पहिली जागा असते.

ॲल्युमिनियमचा एक गुणधर्म इथे लक्षात ठेवायचा. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. छोटे भार लाखो वेळा आले की कधी ना कधी तडा जातोच, आणि दहा किलोमीटरला ४,३०० फेरे या दराने लाखाचा आकडा फार लांब नसतो. नवं भोक आसाच्या जवळ असतं, जिथे बाहेरच्या पेडलवर उभं राहिल्यावर वाकवणारा जोर टोकापेक्षा जास्त असतो, आणि तिथलाच धातू आपण काढलेला असतो. म्हणून घरी भोक पाडलेले क्रँक वाटा, चढ-उतार आणि लांब फेऱ्या यांच्यासाठी. उंचावरून उड्या मारायच्या असतील तर ते नकोत. याबाबतीत मी कुणाशी तडजोड करणार नाही, कारण क्रँक तुटतो तो नेमका भार सगळ्यात जास्त असतानाच.

घोटा, रुंदी आणि वाकवण्याचा मोह

घोटा घासण्याचं कारण क्रँकची लांबी नसून त्याचा बाहेरचा झुकाव आहे. काही क्रँक आसापासून सरळ खाली जातात, काही बाहेर फाकतात. सरळ क्रँकने दोन्ही पेडलांमधलं अंतर कमी राहतं आणि एकचाकीला ते आवडतं. कारण उजवं पेडल दाबलं की चाकाला उजवीकडे कलंडवणारा पीळ पडतो, डावं दाबलं की डावीकडे. साध्या सायकलला तो झेलायला हँडल आहे; इथे चाक सापासारखं वळवळत जातं. पेडल जितकी लांब-लांब, तितकी वळवळ जास्त. डांबरी रस्त्यावर लांब पल्ला कापणारे म्हणूनच सरळ क्रँक शोधतात. पण डोंगरात पाऊल पेडलवर एका जागी राहत नाही. दचक्याने ते आत सरकतं आणि घोट्याचं हाड क्रँकवर आपटतं. मी खडबडीत वाटेसाठी थोडा फाकलेला क्रँकच निवडेन. थोडी वळवळ परवडते, सुजलेल्या घोट्याने घरी परतणं परवडत नाही.

सरळ क्रँकच असेल तर पेडल आणि क्रँक यांच्यामध्ये पातळ वॉशर घाला. एक-दीड मिलिमीटर मिळतो. एकापेक्षा जास्त वॉशर घालू नका, आटे कमी धरतील. पेडल बाहेर नेणारे लांबवणीचे तुकडे मिळतात, पण ते भोकावरचा पीळ बराच वाढवतात, आणि दुसरं भोक पाडलेल्या क्रँकवर तर त्यांचा विचारही नको. त्यापेक्षा रुंद पेडल घ्या आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ठेवायची सवय लावा.

आणि क्रँक वाकवणं. जुन्या पोलादी क्रँकच्या काळात लोक ते तापवून किंवा प्रेसमध्ये दाबून बाहेर झुकवत असत, आणि पोलाद ते सोसायचं. ॲल्युमिनियमचे चांगले क्रँक उष्णतेची खास प्रक्रिया देऊन कठीण केलेले असतात. थंड वाकवले तर आतून तडकतात, तापवून वाकवले तर ती कठीणपणाची प्रक्रियाच पुसली जाते. दोन्ही वेळा वरून काही दिसत नाही. त्याच कारणासाठी वेल्डिंगही नको.

आतल्या भोकावर कायमचं राहायचं ठरवलं तर क्रँकचं उरलेलं शेपूट कापता येतं. पेडल वर गेलं तरी ते शेपूट दगडाला लागतच राहतं, म्हणून कापल्याने खरा फायदा होतो. भोकाच्या मध्यापासून तेरा-चौदा मिलिमीटर धातू सोडून कापा, कानसेने गोलवा आणि शेवटचे कानसेचे हात क्रँकच्या लांबीच्या दिशेने फिरवा. आडवे ओरखडे राहू देऊ नका. पण दोन्ही लांबी वापरून पाहिल्याशिवाय शेपूट कापायची घाई नको.

कोणत्या चाकाला काय

२४ इंची, तीन इंची टायरच्या चाकाला तांत्रिक उतारांवर १५० आणि बाकी सगळीकडे १२५ मजेत चालतो. २९ ला १५० आणि १२५ ची जोडी मला सगळ्यात समतोल वाटते. ३६ इंची चाकाची त्रिज्या ४५५ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे १५० चा क्रँकही तिथे लहान वाटतो. कच्च्या रस्त्यावर १५० आणि १२५, पण खडकाळ चढ त्याच्यावर न घेतलेलेच बरे. स्विस अभियंता फ्लोरियान श्लुम्फ यांचा गिअरवाला हब (चाकाचा मधला भाग) ज्यांच्याकडे आहे त्यांचं गणित वेगळं: टाचेने आसावरचं बटण दाबलं की एका फेऱ्यात चाक सुमारे दीड फेरे जातं, म्हणून त्यांना लांब भोकच हवं. १५० वरून १२५ वर आलात की प्रत्येक जोरासाठी पाचवा हिस्सा जास्त लागतो. सुरुवातीला चाक पायाखालून निसटतंय असं वाटतं आणि तोल सावरायला उशीर होतो. सपाट वाटेवर काही फेऱ्या मारून मगच ते चढाला न्या.

पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि नीट घट्ट करा. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर परत एकदा आवळा, कारण नवे आटे बसतात. आयसिस क्रँक बसवताना क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला स्पेसर विसरू नका. तो नसेल तर क्रँक आवळताना बेअरिंग दाबलं जातं आणि चाक जड फिरतं. नव्या भोकाभोवतीचा भाग प्रत्येक मोठ्या फेरीनंतर पुसून उजेडात पाहा. तडा केसासारखा बारीक असतो, बहुधा भोकाच्या कडेपासून क्रँकच्या बाहेरच्या काठाकडे जातो आणि त्यात काळी धूळ साठते. नखाने खरवडलं आणि नख अडकलं, तर तो ओरखडा धरू नका. दोन्ही क्रँक एकदम बदला, कारण दुसऱ्यानेही तेवढेच फेरे खाल्लेले असतात. फक्त आटे घासले गेले असतील आणि धातू शाबूत असेल, तर भोक मोठं करून त्यात पोलादी आट्यांचं बुश बसवता येतं; बाहेरच्या भोकाला हा उपाय चांगला टिकतो, आतल्या भोकाला तेवढी रुंदी सहसा उरलेली नसते.